मशिनवर ताणलेली सहा चित्रं

२ डिसेंबर

सरुबाई एकदाची गेली. मेली नाही, दुकानातून गेली. बावीस वर्षं माझी चित्रं चौकटीवर ताणायचं काम या बाईकडे होतं आणि बावीस वर्षांत एक चित्र तिनं ताठ ताणलं असेल तर शपथ. बोटानं दाबलं की कॅनव्हास आत जायचा. सांगून सांगून घसा बसला. "बास की सर, येवढंच," म्हणायची आणि पदराला हात पुसायची.

मी चित्र काढतो ते घरी भिंतीला कॅनव्हास ठोकून. आमच्या फ्लॅटमध्ये सहा फुटी चौकट उभी केली तर मला आणि बायकोला आळीपाळीनं झोपावं लागेल. चित्र झालं, वाळलं की गुंडाळायचं आणि गंगापूर रोडला फ्रेमिंगच्या दुकानात द्यायचं. तिथं ते लाकडी चौकटीवर ओढतात, कडा मागं दुमडतात, खिळे मारतात. काम एवढंच. आमच्या शाळेतल्या शिपायानंही केलं असतं. ही बाई त्याला तीन तीन दिवस लावायची.

दुकान आता ललितकडे आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले तेव्हापासून. चित्रातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण निदान हात जोडून बोलतो. त्यानं अहमदाबादहून कॅनव्हास ताणायचं मशिन मागवलंय. मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, माझ्या प्रदर्शनाच्या चित्रांना ती बाई हात लावणार असेल तर मी दुसरं दुकान बघतो. त्याला निमित्तच हवं होतं. परवापासून तिला घरी बसवलंय.

मला वाईट वाटलेलं नाही. लिहून ठेवतो, म्हणजे पुढं वाटलं होतं असं माझं मलाच वाटायला नको.

५ डिसेंबर

आज गॅलरीत जाऊन आलो. तारीख पक्की. १८ जानेवारी, संध्याकाळी पाच. चौदा चित्रं. एकसष्टाव्या वर्षी माझं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. पहिलं म्हणजे शेवटचंही असेल, हे मला कळतं. पुन्हा कोण विचारतंय. तेहतीस वर्षं पोरांना घडे आणि घनाकृती काढायला लावणाऱ्या मास्तरला एकदा गॅलरी मिळाली हेच नशीब. हे पडलं तर सगळं इथंच संपलं.

गॅलरी चालवणारी मुलगी वेदिका. वय असेल अठ्ठावीस. 'सर, सर' करते आणि बघते फोनकडे. तिनं माहितीपत्रकासाठी मजकूर मागितला. मी लिहून दिलं, 'देवरे यांची चित्रे अनेक खासगी संग्रहांत आहेत.' अनेक म्हणजे अकरा. तिला काय करायचंय.

तिनं एक शहाणा प्रश्न मात्र विचारला. "सर, तुमचा सरफेस इतका गुळगुळीत कसा काय?" मी नुसता हसलो. रंग लावण्याआधी कॅनव्हासवर मी स्वतःचं अस्तर देतो. खडूची भुकटी, सरस, जवसाचं थोडं तेल. तीन हात, आणि प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. चिनीमातीच्या बशीसारखी गुळगुळीत होते जमीन. हल्लीचे चित्रकार दुकानातून तयार पांढरा कॅनव्हास आणतात आणि वर रंग फासतात. असल्यांना चित्रकार म्हणायचं असेल तर आमच्या सोसायटीच्या टाकीला रंग देणारा काय वाईट.

वेदिकाला सांगितलं, ही माझी स्वतःची पद्धत आहे, बऱ्याच वर्षांच्या अभ्यासातून आलेली.

९ डिसेंबर

आज मशिन पाहिलं. मानलं बुवा.

लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना जबड्यासारख्या रुंद पट्ट्या, खाली पाय दाबायची पट्टी, शेजारी हवेचा पंप. कॅनव्हास उपडा टाकायचा, वर चौकट ठेवायची, कडा जबड्यात द्यायची, पाय दाबायचा. फुस्स. दोन्हीकडून एकसारखा ताण. मग पिना मारायच्या, टक टक टक. अकरा ते दीड या वेळात ललितनं माझी सहा चित्रं संपवली, मधे दोनदा फोनवर बोलूनसुद्धा. सरुबाईला यातल्या एकालाच तीन दिवस लागले असते.

तिची तऱ्हा काय सांगावी. जमिनीवर बसायची, चित्र पालथं मांडीवर. ओला फडका पिळून पाठीवर फिरवायची. मग पक्कडीनं इकडं थोडं ओढ, तिकडं थोडं ओढ, आणि मधेच थांबून कान लावायची कॅनव्हासला. कॅनव्हास काही गाऱ्हाणं सांगतोय आणि ही ऐकतेय. मग ते तसंच ठेवून चहा. उरलेलं उद्या. उद्याही कान लावायचा. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकासमोर मला लाज वाटायची, की माझी चित्रं या बाईच्या हवाली आहेत.

ललितला म्हटलं, "आहे का कान लावायची गरज?" तो हसला. खरं म्हणजे 'कांदा बाजार' ओढताना मधून मधून बारीक कट कट आवाज येत होता. पिनांचा असावा.

सहाही चित्रं टिचकी मारली की ढोलासारखी वाजतात. 'कांदा बाजार' सहा बाय चार फुटांचं आहे, नामपूरचा लिलाव, दोन वर्षं घातलीत त्यात. इतकं ताठ, इतकं ऐटीत ते कधी दिसलं नव्हतं. टेम्पोनं सहाही घरी आणली. उरलेली आठ ललित पुढच्या आठवड्यात करील.

१० डिसेंबर

बायको म्हणाली, छान दिसतात. मग म्हणाली, "सरुबाईंना कळवलं का प्रदर्शनाचं?"

कशाला कळवायचं? उद्घाटनाला का बोलवायचंय तिला?

१३ डिसेंबर

सकाळी 'कांदा बाजार'च्या उजव्या कोपऱ्यात केस चिकटलेला दिसला. नखानं काढायला गेलो, निघेना. चष्मा आणला. केस नव्हता. रेघ होती. चौकटीच्या कोपऱ्यातून निघून ट्रॅक्टरच्या चाकापर्यंत गेलेली चीर.

खाली आणखी तीन.

१४ डिसेंबर

सहाही चित्रांना चिरा आहेत. खिडकीतलं ऊन तिरपं पडलं की दिसतात. कोपऱ्यांतून निघून आत पसरल्यात, विहिरीचा गाळ सुकल्यावर पडतात तशा. 'कांदा बाजार' सगळ्यात वाईट.

हिनं काल इथं झाडू मारला होता. वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू आठवडाभर भिंतीत भोकं पाडतायत, सगळी इमारत हादरते. शिवाय स्वयंपाकघरातून कुकरची वाफ येते. ही म्हणाली, "बावीस वर्षं कुकर लावतेय, तेव्हा नाही फुटली चित्रं." मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. म्हणाली, बरं. ती बरं म्हणाली की मला जास्त संताप येतो.

मशिन. दुसरं काय असणार? मी मूर्ख, त्या चकचकीत लोखंडाला भुललो. यंत्राला काय कळणार आहे, त्याच्या जबड्यात काय दिलंय ते. त्याला चित्र काय आणि खताचं पोतं काय.

१५ डिसेंबर

दुकानात जाऊन ललितला फाडून खाल्लं. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही ऐकू गेलं असेल. बरंच झालं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग आतून एक चित्र आणलं. सृष्टी नावाची कुणी कॉलेजातली मुलगी आहे, तिचं. निळ्या मांजरीच्या डोक्यावर चंद्र. असलं चित्र माझ्या सातवीतल्या पोरानं काढलं असतं तर मी पालकांना बोलावलं असतं. पण ते याच मशिनवर, माझ्या चित्रांच्या आदल्या दिवशी ताणलेलं होतं, आणि त्यावर एक रेघ नव्हती. मी उजेडात धरून पाहिलं. वाकवून पाहिलं. ललित म्हणाला, "सर, दाबा बिनधास्त." दाबलं. रबरासारखं परत आलं.

"सर, रागावू नका," तो म्हणाला, "कापड नाही फाटलं तुमचं. आतलं अस्तर फुटलंय. तुम्ही काय लावता त्याला?"

मी म्हटलं, तू अस्तराबद्दल मला शिकवणार? तुझ्या वडिलांनी वीस वर्षं माझी चित्रं हाताळली, कधी एक शब्द काढला नाही.

"तेच मला कळत नाही," तो म्हणाला.

उरलेल्या आठ गुंडाळ्या काखेत मारून मी निघून आलो. रिक्षात एक गुंडाळी निसटली. ती मी पायांनी धरून ठेवली, घरापर्यंत.

१७ डिसेंबर

'कांदा बाजार'खाली झाडलं तर सुपलीत पांढरी भुकटी. नखाएवढा एक कपचाही. त्याच्या एका बाजूला हमालाच्या मुंडाशाचा लाल रंग आहे.

जेवलो नाही. आता जे लिहितो ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

ते अस्तर माझं नाही. नामपूरला काळू पेंटर होता. आडत दुकानांच्या पाट्या रंगवायचा, बैलगाड्यांच्या फळ्यांवर मोर काढायचा. अक्षर भिकार, शुद्धलेखनाच्या नावानं शंख. मी चौदा वर्षांचा असताना दोन उन्हाळे त्याच्या हाताखाली फळ्या घासल्या. फळीच्या भेगा बुजवायला तो जी लांबी, म्हणजे लुकण, भरायचा तीच ही. खडू, सरस, जवसाचं तेल, तीन हात, वर पॉलिश पेपर. पुढं नाशिकला शिकायला आलो. वर्गातल्या कुणाला तसली जमीन करता येत नव्हती. सगळे विचारायला लागले. पाट्या रंगवणाऱ्याकडून शिकलो म्हणायची लाज वाटली. म्हणालो, माझी पद्धत आहे. एकदा म्हटलं ते म्हटलं.

आणि आज सगळा दिवस त्या काळूचा आवाज कानात येतोय. मी एकदा त्याला विचारलं होतं, ही लांबी कापडी बॅनरला का नाही लावत. बिडी न काढता म्हणाला होता, "हाई फळीनं काम शे, कापडनं नही." फळी वाकत नाही, कापड वाकतं. चौथी नापास माणूस. त्याला काय समजणार कॅनव्हास, असं मला वाटलं होतं.

पण मग बावीस वर्षं चित्रं टिकली कशी? ज्याअर्थी टिकली, त्याअर्थी अस्तर बरोबरच आहे. दोष मशिनचाच. हे मी शांतपणे विचार करून लिहितोय.

१९ डिसेंबर

एका महिन्यात आठ चित्रं ताणून द्यायला नाशकात दुसरं कोण आहे? कुणी नाही. म्हणून गेलो. हौस नव्हती.

सरुबाई आता नाशिक रोडला एका सोफ्याच्या दुकानात आहे. खुर्च्यांना रेक्झिन ओढते. म्हटलं, शोभतंय. दुकानाबाहेर फुटपाथवर बसली होती, पुढ्यात उलटी खुर्ची, दातांत चार खिळे. मला पाहून तिनं खिळे काढले नाहीत. खुर्ची पुरी केली, खिळे संपले, मग बोलली.

"मशिनवर टाकली व्हती ना?"

म्हटलं, हो, सहा.

"फुटली आसतील."

मी म्हटलं, मशिन खराब आहे.

"मशिनला काय झालंय," ती म्हणाली. "मशिन वढतं. त्याचं कामच हाय वढायचं. तुमच्या चित्रांना वढून चालत नाय. त्यांना लांबी हाय आतून. पयल्या साली मी जुन्या मालकांना बोलले व्हते, सर फळीची लांबी कापडाला भरत्यात म्हणून. मालक म्हणले, मास्तर माणूस हाय, राग यायचा त्यांना, तू जपून ताण. म्हणून जपून ताणायची."

फुटपाथवर, रिक्षावाल्यांच्या देखत. लांबी हा शब्द तिनं इतक्या सहज उच्चारला, की मला पहिल्यांदा वाटलं मी बरोबर ऐकलंच नाही.

"मग ती ढिली..."

"मुद्दाम ढिली. ताठ केली आस्ती तर तवाच गेली आस्ती."

आठ चित्रं करून देते म्हणाली. अटी तिच्या. ललितच्या नव्या चौकटी नकोत, त्यांचे कोपरे पक्के पिना मारलेले असतात. जुन्या मालकांच्या काही चौकटी दुकानाच्या माळ्यावर पडल्यात, त्या आणायच्या. त्यांच्या कोपऱ्यांत खाच असते आणि खाचेत लाकडी पाचर. पाचर ठोकली की चित्र ताणतं, काढली की सैल पडतं. कामावर जायच्या आधी सकाळी सहा ते आठ करेल, तिच्या खोलीवर. "आन तुमी मधी येऊन घाई घालायची नाय," म्हणाली. बावीस वर्षांत कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. बोलली असती तर मीच तिला... जाऊ दे.

चौकटींसाठी ललितपुढं पुन्हा नाक घासावं लागलं. त्यानं माळ्यावरून काढून दिल्या, पुसूनसुद्धा दिल्या. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक टिकवतोय.

२६ डिसेंबर

घाई घालायची नव्हती. बघायला गेलो तर काही बिघडत नाही.

जेलरोडला एक खोली. सतरंजीवर बसून तेच, ओला फडका, पक्कड, कान. मी विचारलं, कानानं काय कळतं? ती म्हणाली, "या, ऐका." गुडघे दुखतात माझे, पण बसलो. कान लावला. तिनं पक्कडीनं अगदी थोडं ओढलं. पाठीमागून फार बारीक कट असं वाजलं. तिनं लगेच सोडलं.

"हितं थांबायचं," म्हणाली. "आता उद्या."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. ९ तारखेला 'कांदा बाजार' ओढताना हाच येत होता. मी पिनांचा समजून पुढं ललितशी गप्पा मारत होतो.

येताना बस मिळाली नाही. बरंच अंतर चालत आलो.

८ जानेवारी

आठही झाली. ढिली आहेत. बोटानं दाबली की आत जातात. 'गोदाघाट' थोडं अजून ताणता आलं असतं असं मला अजूनही वाटतं. बोललो नाही.

वेदिकाला फोन करून सांगितलं, चौदा नाही, आठ. कारण काय द्यायचं? म्हटलं, सहा चित्रांबद्दल माझं समाधान नाही. ती म्हणाली, "वाव सर, किती प्रामाणिक." असल्या लोकांच्या हातात कला आहे.

१८ जानेवारी

झालं उद्घाटन. माणसं पन्नास, त्यातली निम्मी समोसे बघून आलेली. शाळेतले तिघे, प्रत्येकानं 'अजून हात चालतो' म्हटलं. वेदिकाच्या मित्रमंडळींनी माझ्या चित्रांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढले. एका गृहस्थानं 'गोदाघाट'समोर उभं राहून मला पार्किंग कुठं आहे ते विचारलं. विकलं एकही गेलं नाही. बायको नवी साडी नेसून शेवटपर्यंत दारात उभी होती, येणाऱ्याला आत या म्हणत. तिच्याकडे बघवत नव्हतं.

पण लिहायला बसलो ते योगेशसाठी. योगेश माझा जुना विद्यार्थी, आता दातांचा डॉक्टर, कॉलेज रोडला दवाखाना. नऊ वर्षांपूर्वी त्यानं दवाखान्यासाठी माझं एक चित्र घेतलं होतं. चित्रातलं काडीचं कळत नाही, पण आला तर खरा. जाता जाता म्हणाला, "सर, तुमच्याकडची बाई यंदा आली नाही."

कोण बाई?

"सरुबाई. दर डिसेंबरात येते ना, आणि पावसाळ्याच्या आधी एकदा. चित्र उतरवते, मागं काहीतरी ठोकते, परत लावते. मला वाटायचं तुम्हीच पाठवता. केवढी सर्व्हिस म्हटलं. यंदा आली नाही, आणि कोपऱ्यात एक रेघ पडल्यासारखी वाटते."

मी म्हटलं, पाठवतो.

म्हणजे ही बाई माझ्या नावावर घरोघर हिंडते. चहा, चिवडा, जुन्या साड्या. दिवाळीची पोस्त घ्यायलाही जात असेल. उद्या जाऊन चांगला जाब विचारतो.

१९ जानेवारी

रविवार, घरीच होती. तांदूळ निवडत होती. मी दारातच म्हटलं, सरुबाई, माझ्या गिऱ्हाइकांकडे तुम्ही कुणाच्या परवानगीनं जाता?

"तुमची कुठली? दुकानाची गिऱ्हाइकं ती," ती म्हणाली. "बसा."

बसलो. ती तांदूळ निवडत राहिली. थंडी कडक पडली की सरस आवळतो, म्हणाली, चित्र आपणहून ताणतं. ढिलं असलं तरी ताणतं. म्हणून नाताळच्या सुट्टीत, लोक घरी असतात तेव्हा, जाऊन कोपऱ्यांतल्या पाचरी सैल करायच्या. पावसाळ्याआधी परत किंचित ठोकायच्या, नाहीतर दमट हवेत पोट सुटतं. जुन्या मालकांनी सुरू केलं होतं. ते गेल्यावरही ती जात राहिली, दुकानातून म्हणून. अकराही घरं तिला तोंडपाठ आहेत. तिनं ओळीनं सांगितली. कॉलेज रोडचा दवाखाना. इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. सिडकोतले रिटायर साहेब, त्यांच्याकडे जिना मोडका आहे. सिन्नरचं हॉटेल, तिथं चित्र स्वयंपाकघराजवळ होतं, तिनं भांडून हलवायला लावलं. नामपूरला मात्र कधी गेली नाही, लांब पडतं. "त्ये गेलं आसंल," म्हणाली.

मला यातल्या चार जणांची नावंसुद्धा आठवत नव्हती. त्यांची घरं बदलली, तेही तिला माहीत होतं.

मी विचारलं, इतकं कशासाठी केलंत? खरं सांगायचं तर मला वाटलं, ती म्हणेल चित्रं चांगली आहेत म्हणून. ते ऐकायलाच मी थांबलो होतो.

"चित्रातलं मला काय कळत नाय, सर," ती म्हणाली. "पर ताणलंय मी. फुटलं तर लोक म्हणतील, ताणणारीनं फोडलं."

मग यंदा का गेला नाहीत, विचारलं.

"कुणाच्या नावानं जाऊ? दुकानातनं काढल्यावर दारात उभी राहून काय सांगू?" तिनं एक खडा वेचून टाकला. "तुमीच काढायला लावलं, ललितनं सांगितलं मला. राग नाय. सोफ्याचं काम बरं हाय, रोज असतंय. पर आता ती अकरा घरं तुमची तुमी बघा. उशीर झालाच हाय."

मी म्हटलं, मला जमणार नाही. ती म्हणाली, ते खरं, पण शिकता येईल. तिथं बसवून तिनं मला एका रिकाम्या चौकटीवर चार वेळा पाचर काढायला लावली. पहिल्या तिन्ही वेळा म्हणाली, जोर जास्त झाला. मी तेहतीस वर्षांत पोरांना इतक्या वेळा एकच गोष्ट करायला लावली नसेल. हातोडी मागितली तर म्हणाली, ती रोज लागते मला, तुमी दुसरी घ्या.

२६ जानेवारी

सुट्टीच्या दिवशी लोक घरी असतात म्हणून आज सुरुवात. आधी योगेशकडे जाणार होतो, पण ओळखीच्याकडे ठोका चुकला तर काय, म्हणून इंदिरानगर. वाटेत ठरवत गेलो काय बोलायचं. मी चित्रकार शेखर देवरे, माझ्या संग्राहकांकडे मी स्वतः जातो. संग्राहक हा शब्द चांगला आहे.

दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बाईंनी. चित्र समोरच्या भिंतीवर होतं, चपलांच्या कपाटाच्या वर. एकोणीस वर्षांपूर्वीची 'मळणी'. मी त्यानंतर ते आजच पाहिलं. उजव्या बाजूला टाचणीएवढी एक चीर सुरू झाली होती. बाकी सगळं अस्तर, सगळा रंग, धान्याच्या राशीवरचा पिवळासुद्धा, लावला त्या दिवशी होता तसा. इतकं चांगलं माझ्या घरातलं एकही चित्र राहिलेलं नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पिशवीतून डोकावणाऱ्या हातोडीकडे पाहिलं.

"पाचरी सैल करायला का? सरुबाई नाही आल्या?"

त्यांना वेळ नव्हता, म्हटलं.

"या की मग. पण जपून हं. त्या फार हळू करतात." त्यांनी जमिनीवर जुनी चादर अंथरली, तिची घडी ठरलेली असावी, न बघता अंथरली. मी चित्र उतरवलं, पालथं ठेवलं, गुडघे टेकून खाली बसलो. मागच्या पट्टीवर कोळशानं काढलेल्या बारीक उभ्या रेघा होत्या, वर्षाला दोन. शेवटच्या रेघेपुढं जागा रिकामी. मी कान लावला. काही ऐकू आलं नाही, पुन्हा लावला. मग पहिली पाचर, बाहेरच्या बाजूला एकच हलका ठोका.

बाई चहाचा कप घेऊन शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"तुम्ही त्यांच्या हाताखाली का?" त्यांनी विचारलं.

हो म्हणालो.

"किती वर्षं झाली?"

"आजच लागलो," मी म्हणालो.